राबतो नायट्रोजन, नाव सीओटूचं

सीओटू लेसरमध्ये नाव होतं कार्बन डायऑक्साइडचं. राबतो मात्र नायट्रोजन. ॲक्रिलिकच्या पाट्या आणि लग्नपत्रिका कापून देणं हा माझा धंदा. माझ्या मशिनच्या मागच्या झाकणाखाली काचेची लांब नळी आहे. तिच्यात नायट्रोजन, कार्बन डायऑक्साइड आणि हेलियम यांचं विरळ मिश्रण. हजारो व्होल्ट दिले की आत गुलाबी-जांभळा उजेड पडतो. कापणारा किरण मात्र तो नव्हे. तो १०.६ मायक्रॉनचा, डोळ्यांना न दिसणारा.

नळीत धावणारे इलेक्ट्रॉन नायट्रोजनच्या रेणूंवर आदळतात आणि रेणू थरथरू लागतात, असं पुस्तकं एका वाक्यात उरकतात. पण नायट्रोजनचा रेणू इलेक्ट्रॉनच्या सुमारे ५१ हजार पट जड. तांदळाचा एक दाणा किलोभर तांदळाच्या पिशवीवर मारला, तर पिशवी हलेल का? नुसत्या धक्क्याने इलेक्ट्रॉनला आपल्या ऊर्जेचा दहा हजारावा हिस्साही देता येत नाही.

घडतं ते वेगळंच. इलेक्ट्रॉनची ऊर्जा २.३ इलेक्ट्रॉनव्होल्टच्या आसपास असेल, तर तो क्षणभर रेणूतच मुक्काम ठोकतो. तिथे त्याला जागा अशी मिळते की दोन अणूंमधला बंध सैल पडतो आणि अणू एकमेकांपासून सरकू लागतात. तेवढ्यात पाहुणा निसटतो. बंध पुन्हा घट्ट होतो, पण अणू जागचे हललेले असतात. ते मागेपुढे होत राहतात, सेकंदाला सुमारे ७० लाख कोटी वेळा. मुक्काम जेमतेम अशा एका हेलकाव्याइतकाच.

अमेरिकेत वेस्टिंगहाउसच्या प्रयोगशाळेत जॉर्ज शुल्झ यांनी १९६०च्या दशकाच्या सुरुवातीला हे मोजलं. ठरावीक ऊर्जेचे इलेक्ट्रॉन वायूत सोडले आणि बाहेर येताना त्यांच्या गाठीला किती उरलं ते पाहिलं. तूट पायऱ्यापायऱ्यांनी येत होती; पहिली पायरी सुमारे ०.२९ इलेक्ट्रॉनव्होल्टची.

नायट्रोजनचे दोन्ही अणू सारखे, म्हणून ही थरथर प्रकाश होऊन निघून जात नाही. रेणू ती जपून ठेवतो आणि कार्बन डायऑक्साइडची गाठ पडली की त्याच्या हवाली करतो. दोघांच्या पायऱ्यांची उंची जवळजवळ एकच. ही जोडी १९६४ साली बेल लॅब्समध्ये जमवली कुमार पटेल यांनी. जन्म बारामतीचा, इंजिनिअरिंग पुण्याचं. नुसत्या कार्बन डायऑक्साइडवर चालणारा त्यांचा लेसर क्षीण होता. नायट्रोजन आला आणि त्यात दम आला.

मशीन शिकायला येणारी पोरं कापणी जमेना की करंट वाढवतात. करंट फार वाढला की वायू तापतो, कार्बन डायऑक्साइडच्या खालच्या पायरीवर रेणूंची गर्दी होते आणि किरण उलट मंदावतो. हेलियम आतली उष्णता काचेपर्यंत आणून सोडतो, पुढचं काम नळीभोवतीच्या पाण्याचं. म्हणून त्यांना मी करंटच्या बटणाला हात लावण्याआधी पाण्याचं तापमान बघायला लावतो.