मत्स्यालयासाठी लोंबत्या वनस्पती : निवड आणि दक्षता

काचेच्या मत्स्यालयाला खरी शोभा येते ती हिरव्या वनस्पतींमुळे. पृष्ठभागावरून खाली उतरणारी मुळांची झालर किंवा लाकडावरून ओघळणारे मॉस पाहून अनेकांना आपल्याही पेटीत असे काही असावे असे वाटते. मात्र अशा वनस्पती निवडताना शोभेबरोबरच माशांचे आरोग्य व आपल्या नद्या-तलावांची सुरक्षितता यांचाही विचार होणे अगत्याचे आहे.

पाण्यातील वाढ

जमिनीवरील वेल कठड्यावरून सहज खाली सुटतो. पाण्यात तसे घडत नाही. बहुतेक जलवनस्पतींच्या खोडांत व पानांत हवेच्या पोकळ्या असतात. त्यामुळे त्या वर उचलल्या जातात आणि प्रकाशाच्या दिशेने वाढतात. म्हणून लोंबते रूप हवे असल्यास मुख्यतः तीन मार्ग उरतात : तरंगत्या वनस्पती, लाकडावर बांधलेले मॉस आणि केवळ मुळे पाण्यात सोडलेली घरगुती रोपे.

तरंगत्या वनस्पती

पिस्टियाची पिसासारखी मुळे पाण्यात खोलवर लोंबतात. साल्व्हिनियाची जी मुळे भासतात, ती वस्तुतः रूपांतरित पाने होत. या झालरीत गप्पी, मोली यांच्या पिल्लांना आसरा मिळतो. गुरामी व फायटर मासे अशा पानांच्या आधाराने बुडबुड्यांचे घरटे बांधतात. सावलीमुळे शेवाळाची वाढही आटोक्यात राहते. परंतु संपूर्ण पृष्ठभाग झाकला गेल्यास हवेतील प्राणवायू पाण्यात मिसळण्यास अडथळा येतो व खालच्या रोपांना प्रकाश मिळत नाही. यास्तव निम्म्याहून अधिक पृष्ठभाग झाकू देऊ नये व वाढ नियमितपणे काढून टाकावी.

मॉस

लाकडावर किंवा दगडावर जावा मॉसचा पातळ थर दोऱ्याने बांधल्यास काही आठवड्यांत त्याला धुमारे फुटतात. थर जाड झाल्यास आतील भाग कुजतो, म्हणून वेळोवेळी कातरणी करावी. जावा मॉसला प्रखर प्रकाशाची गरज नसते व आपल्याकडील उबदार पाणीही त्यास मानवते. खाली झुकणारी टोके विशेष हवी असल्यास वीपिंग मॉस निवडावे. मात्र त्यास थंड पाणी अधिक मानवते.

मनी प्लांट

मनी प्लांटची फांदी पेटीच्या काठावर ठेवून फक्त मुळे पाण्यात सोडावीत. पाने बुडाल्यास कुजतात. माशांच्या विष्ठेतून निर्माण होणारा अमोनिया जिवाणूंच्या क्रियेने अखेर नायट्रेटमध्ये बदलतो. हे नायट्रेट मुळे शोषून घेतात. तथापि पाणी बदलण्याचे काम त्यामुळे टळत नाही. या रोपात कॅल्शियम ऑक्झलेटचे टोकदार स्फटिक असल्याने ते लहान मुले व पाळीव प्राणी यांच्या तोंडी जाणार नाही याची काळजी घ्यावी.

खरा धोका पेटीबाहेर

पेटीतून काढलेली जादा वाढ नाल्यात किंवा तळ्यात टाकणे ही सर्वांत गंभीर चूक होय. दक्षिण अमेरिकेतून शोभेसाठी जगभर नेलेली जलपर्णी अनुकूल परिस्थितीत सुमारे दोन आठवड्यांत दुप्पट होते. बंगालमध्ये तिच्या प्रसारामुळे 1936 साली स्वतंत्र कायदा करावा लागला. पुणे परिसरातील पवना, इंद्रायणी व मुळा-मुठा या नद्यांत आणि कोल्हापूरच्या रंकाळा तलावात तिचे थर आपण पाहिलेच आहेत. मूळची ब्राझीलची साल्व्हिनिया मोलेस्टा केरळच्या जलमार्गांत व भातशेतीत अशीच पसरली. तिच्या लहानशा तुकड्यापासूनही नवे रोप तयार होते. दाट थराखाली प्रकाश व प्राणवायू घटून मासे गुदमरतात. मासेमारांना जाळे टाकणे व होडी चालविणे कठीण होते.

म्हणून जलपर्णी पेटीत ठेवूच नये. अन्य वनस्पतींची जादा वाढ उन्हात पूर्णपणे वाळवून मगच कंपोस्ट खड्ड्यात टाकावी. ज्या पाण्यात रोपे धुतली, ते झाडांच्या आळ्यात ओतावे. नवीन रोपे आणल्यावर आठवडा-दोन आठवडे वेगळ्या भांड्यात ठेवल्यास गोगलगायींची अंडी व नको असलेले तुकडे आढळून येतात.

नवशिक्यांनी प्रारंभी जावा मॉस व मनी प्लांट यांचीच निवड करणे श्रेयस्कर. दोन्हींची निगा सोपी असून वाढ हाताबाहेर जात नाही. छंद घरातला असला, तरी त्याचे पाणी अखेर गावाच्या ओढ्यालाच मिळते, हे ध्यानी ठेवून प्रत्येकाने ही दक्षता घ्यावी.