दिवा फाउस्टिना यांची कांस्य नाणी

दिवा फाउस्टिना यांची कांस्य नाणी ही रोमन सम्राट अँटोनायनस पायस (राज्यकाळ इ.स. १३८–१६१) याने आपली दिवंगत पत्नी थोरली फाउस्टिना हिच्या स्मरणार्थ पाडलेली नाणी होत. लॅटिन भाषेतील 'दिवा' म्हणजे देवत्व पावलेली स्त्री. हा शब्द व संस्कृतातील 'देव' हे एकाच प्राचीन मूळ धातूपासून आलेले आहेत.

पार्श्वभूमी

फाउस्टिना इ.स. १४० मध्ये मरण पावली. सिनेटने तिला देवत्व बहाल केले आणि रोमच्या फोरममध्ये तिचे मंदिर उभारले गेले. सम्राटाच्या मृत्यूनंतर तेच मंदिर दोघांचे झाले. तिच्या नावाची नाणी मृत्यूनंतर अनेक वर्षे पाडली जात होती. त्यामुळे तिच्या हयातीतील नाण्यांपेक्षा मरणोत्तर नाणीच कितीतरी अधिक आढळतात.

धातू व मूल्य

'कांस्य' ही संज्ञा येथे ढोबळ अर्थाने वापरली जाते. सेस्टर्टियस व दुपोंडियस ही नाणी पितळेची, तर आस हे तांब्याचे असे. एक सेस्टर्टियस म्हणजे दोन दुपोंडियस किंवा चार आस. सोन्याचांदीच्या तुलनेत ही नाणी रोजच्या बाजारव्यवहारातील असल्याने राणीच्या देवत्वाची वार्ता सामान्य जनांच्या हाती पोहोचली.

लेख व चित्रण

हयातीतील अनेक नाण्यांवर तिच्या नावापुढे पतीचे नाव व बिरुदे येतात. मरणोत्तर नाण्यांवर मात्र 'दिवा फाउस्टिना' एवढाच लेख पुष्कळदा दिसतो. जिवंतपणी पतीच्या नावाने ओळखली जाणारी स्त्री देवत्व पावल्यावर स्वतःच्या नावाने ओळखली जाऊ लागली.

मागील बाजूस 'एटर्निटास' (चिरंतनता), 'कॉन्सेक्राशियो' (देवत्वप्रदान) किंवा 'ऑगस्टा' असे लेख असून सेरेस, वेस्टा इत्यादी देवतांच्या आकृती आढळतात. जूनो देवीचा पक्षी मोर हे देवत्व पावलेल्या राण्यांचे खास चिन्ह होते. सिनेटच्या संमतीची निदर्शक 'एस सी' ही अक्षरेही कोरलेली असतात.

ओळख

तिची कन्या धाकटी फाउस्टिना (सम्राट मार्कस ऑरेलियसची पत्नी) हिलाही मृत्यूनंतर देवत्व मिळाल्याने दोघींच्या नाण्यांत गल्लत होते. थोरलीच्या वेण्या डोक्याच्या माथ्यावर गुंडाळलेल्या दिसतात, तर धाकटीचा अंबाडा सामान्यतः मानेलगत असतो. धाकटीच्या मरणोत्तर लेखात बहुधा 'पिया' (धर्मशील) हे विशेषणही असते. झिजलेल्या नाण्यावर लेख वाचता येत नसल्यास केशरचना हाच अभ्यासकाचा मुख्य आधार ठरतो.