उभ्या वाहनाचा धोका

अपघात म्हटला कीं लोकांच्या डोळ्यांपुढें धांवतें वाहन येतें. उभें वाहन निरुपद्रवी, असाच सर्वसाधारण समज आहे. रस्त्याच्या कडेला लावलेली मोटार कोणाच्या अंगावर जात नाहीं, हें खरें. परंतु ती रस्त्याची रुंदी खाते आणि, त्याहून वाईट म्हणजे, दृष्टि अडविते. तिच्या आडून रस्त्यावर पाऊल टाकणारा माणूस येणाऱ्या वाहनचालकास दिसत नाहीं, व त्या माणसासहि तें वाहन दिसत नाहीं. म्हणून वाहन कोठें उभें करावें हा प्रश्न केवळ सोयीचा नसून जीविताच्या रक्षणाचा आहे. आणि जेथें तरुण मुलेंमुली दिवसभर पायीं, सायकलीवर व दुचाकीवर ये-जा करतात, त्या विद्यापीठाच्या आवारांत तर तो विशेषच महत्त्वाचा होय.

परभणीचें वसंतराव नाईक मराठवाडा कृषि विद्यापीठ हें ह्या प्रश्नाच्या अभ्यासास उत्तम उदाहरण आहे. परभणीस कृषि महाविद्यालय १९५६ सालीं निघालें. १८ मे १९७२ रोजीं मराठवाड्यासाठीं स्वतंत्र कृषि विद्यापीठ स्थापन झालें, आणि २०१३ सालीं त्यास वसंतराव नाईक यांचें नांव देण्यांत आलें. इतर विद्यापीठांत वाहतूक असते ती वर्ग, ग्रंथालय व वसतिगृह यांच्या दरम्यानची. कृषि विद्यापीठांत महाविद्यालय आणि शेत शेजारीं नांदतात. सबब विद्यार्थ्यांची मोटारसायकल, अध्यापकांची मोटार, प्रक्षेत्रावर निघालेला ट्रॅक्टर व त्यामागची ट्रॉली अशीं नाना प्रकारचीं वाहनें एकाच आवारांत वावरतात. पशुशक्तीच्या योग्य वापराविषयींच्या अखिल भारतीय समन्वित संशोधन योजनेचें एक केंद्र ह्याच विद्यापीठांत आहे; तेव्हां बैल आणि बैलचलित अवजारें हीं येथें केवळ भूतकाळांतलीं गोष्ट नव्हेत. बैलाची चाल ताशीं दोन-तीन किलोमीटरांची. मोटारसायकल त्याच्या वीसपट वेगानें येऊं शकते. गतींतील ही तफावत हेंच मिश्र वाहतुकीच्या धोक्याचें मूळ आहे.

गतीचें गणित अगदीं सोपें आहे. ताशीं ३० किलोमीटर वेगाचें वाहन एका सेकंदांत सुमारें ८ मीटर पुढें जातें. अडथळा दिसल्यापासून ब्रेक दाबेपर्यंत सावध चालकासहि साधारणतः एक सेकंद लागतो. ब्रेक दाबल्यावर कोरड्या डांबरी रस्त्यावर आणखी सुमारें ५ मीटर लागतात. म्हणजे एकूण १३ मीटर. वेग ताशीं ५० असेल तर पहिल्या सेकंदांतच १४ मीटर निघून जातात, आणि ब्रेक लागल्यावर पुन्हां तितकेच. आतां उभ्या मोटारीच्या आडून एखादी विद्यार्थिनी १५ मीटर अंतरावर रस्त्यांत आली, असें समजावें. पहिलें वाहन तिच्या अलीकडे थांबेल. दुसऱ्याचे ब्रेक त्या वेळीं जेमतेम लागूं लागलेले असतील, आणि तें जवळजवळ पूर्ण वेगानें तिच्यावर आदळेल. ह्याच कारणास्तव, जेथें माणसें आणि वाहनें एकत्र वावरतात तेथें वेग ताशीं ३० किलोमीटरांवर नसावा, अशी जागतिक आरोग्य संघटनेची शिफारस आहे. परंतु हें १५ मीटरांचें अंतर तरी चालकास दिसावयास हवें. फाटक, चौक, वळण आणि वसतिगृहाचें दार यांच्यालगत वाहन उभें करणारा मनुष्य दुसऱ्याचें तेंच अंतर हिरावून घेत असतो.

परभणीच्या भूमीनें ह्यांत आपली भर घातली आहे. येथील काळी माती पावसांत फुगते आणि उन्हाळ्यांत आकसून भेगाळते. त्यामुळें तिच्यावरचे रस्ते खचतात व फुटतात. पावसाळ्यांत शेतांतून बाहेर पडणाऱ्या ट्रॅक्टरच्या चाकांबरोबर चिखल डांबरावर येतो, आणि त्यावर पाण्याचा शिडकावा झाला कीं दुचाकीचें चाक लोण्यावरून सरकावें तसें सरकतें. मऊ मातींत दुचाकीचा साइड-स्टँड रुततो, आणि एक गाडी कलली कीं शेजारच्या ओळीनें आडव्या होतात. म्हणून वाहनतळाची जागा मुरूम घालून, दाबून घट्ट करणें आणि शेतांतून डांबरी रस्त्यावर येण्यापूर्वी चाकांचा चिखल खरवडणें, हे येथील सुरक्षिततेचे पहिले उपाय ठरतात.

उन्हाळ्यांत प्रश्न सावलीचा येतो. मे महिन्यांतील परभणीच्या उन्हांत जो तो आपली गाडी झाडाखालीं नेतो. हें स्वाभाविक आहे. परंतु रोज चाकें फिरून मुळांवरची माती दडपली जाते, तींत हवा व पाणी शिरेनासें होतें, आणि कालांतरानें सावली देणारें झाडच खंगूं लागतें. वाहनतळ आधीं आंखून, बुंध्यापासून अंतर राखून त्याच्या कडेनें झाडें लावलीं, तर सावलीहि टिकते आणि रस्ताहि मोकळा राहतो.

जागा अपुरी आहे, ही तक्रार सर्वत्र ऐकूं येते. एका मोटारीस अडीच मीटर रुंद व पांच मीटर लांब जागा धरली, तर तेवढ्यांत सहा दुचाकी आणि त्याहून पुष्कळ अधिक सायकली मावतात. म्हणजे जागेची टंचाई पुष्कळदां वाहनाच्या निवडीतून जन्मते. मद्रासच्या आय.आय.टी.नें विद्यार्थ्यांस आवारांत स्वयंचलित वाहन वापरूं न देतां सायकली व आंतल्या बसगाड्यांवर भर दिला. परभणीच्या शेतांचीं अंतरें ध्यानांत घेतां तो नियम येथें जसाच्या तसा लागू पडेल असें नव्हे. परंतु त्यामागचा विचार घेण्याजोगा आहे.

खरी परीक्षा होते ती मेळाव्याच्या दिवशीं. १८ मे रोजीं वर्धापनदिनाच्या निमित्तानें खरिपाचा, आणि १७ सप्टेंबरला मराठवाडा मुक्तिदिनाच्या सुमारास रब्बीचा शेतकरी मेळावा भरतो. बाहेरगांवचे शेतकरी बियाणें घ्यावयास येतात. त्यांना आवाराची माहिती नसते. अशा दिवशीं वाहनतळ फाटकाजवळच असावा, तेथून मंडपापर्यंत पायवाट निराळी असावी, आणि रुग्णवाहिकेचा व अग्निशामक बंबाचा मार्ग दोरी बांधून मोकळा ठेवावा. सायंकाळीं परतणाऱ्या ट्रॉलीच्या मागें तांबडे रिफ्लेक्टर असलेच पाहिजेत. कारण अंधारांत, विशेषतः ती रस्त्यांत उभी असतां, मागून येणाऱ्यास ती अगदीं जवळ येईतों दिसत नाहीं.

आवाराच्या फाटकाआंत कायदा थांबतो, असा एक भ्रम तरुणांत दिसतो; मग शिरस्त्राण हँडलला लटकतें. १९८८ च्या मोटार वाहन कायद्यानें लोकांस जेथें जाण्याचा हक्क आहे अशी जागाहि सार्वजनिक मानली आहे, चालक व मागें बसणारा या दोघांस शिरस्त्राण आवश्यक केलें आहे, आणि इतरांस धोका किंवा अडथळा होईल अशा रीतीनें वाहन सोडून जाण्यास मनाई केली आहे.

घरांतील वडील मंडळींकडेहि यांतील एक कार्य येतें. मुलास परगांवीं शिकावयास धाडतांना दुचाकी घेऊन देण्याआधीं तिची गरज कितपत आहे, हें पाहावें; आणि दिलीच, तर ती चालवावी कशी ह्याबरोबरच उभी करावी कोठें, हेंहि त्यास सांगावें. चार पावलें अधिक चालावीं लागलीं तरी चालतील, पण वळणावर गाडी लावूं नये, हा संस्कार नियमांच्या पाटीपेक्षां अधिक काळ टिकतो.