बायपास एकच नसतो

वजन कमी करण्याच्या बायपासमध्ये पोटावरची चरबी काढून टाकतात, असं अजूनही कित्येकांना वाटतं. प्रत्यक्षात चरबीला हातही लावत नाहीत. जठराचा वरचा भाग स्टेपलरने वेगळा करून त्याची लहानशी थैली करतात आणि ती थेट लहान आतड्याला जोडतात. उरलेलं जठर पोटातच राहतं. त्याचे पाचक रस पुढे आतड्यात मिसळत राहतात, फक्त अन्न त्या वाटेने जात नाही.

‘पोट छोटं झालं, म्हणून माणूस बारीक होतो,’ हे अर्धंच खरं. अन्न आतड्याच्या खालच्या भागात लवकर पोचलं की जीएलपी-१ सारखी संप्रेरकं जास्त स्रवतात, भूक मंदावते, इन्सुलिन वेळेवर सुटतं. म्हणूनच अनेक रुग्णांची साखर वजन फारसं उतरण्याआधीच, काही दिवसांत खाली येते. पण त्यावरून ‘मधुमेह कायमचा गेला’ असं कुणी सांगितलं, तर विश्वास ठेवू नका. काही वर्षांनी तो परत आलेले रुग्ण कमी नाहीत. ज्यांचा मधुमेह जुना आहे आणि इन्सुलिन चालू आहे, त्यांच्यात ही शक्यता अधिक.

आता मुख्य घोळ. आपल्याकडे मिनी बायपास बराच केला जातो आणि नावामुळे तो छोटा, सौम्य वाटतो. रू-एन-वाय या जुन्या पद्धतीत दोन जोड असतात. एक थैलीला आणि एक खाली आतड्याला. मिनीमध्ये जोड एकच असतो, त्यामुळे ऑपरेशन लवकर आटोपतं. पण वगळलेलं, म्हणजे ज्यातून अन्न जात नाही असं, आतडं त्यात बहुधा जास्त लांबीचं असतं. फ्रान्समधल्या २०१९ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात या दोन्ही पद्धती समोरासमोर ठेवल्या होत्या. मिनीमध्ये २०० सेंटिमीटर आतडं वगळलं होतं. दोन वर्षांनी वजनातली घट जवळजवळ सारखीच निघाली, मात्र जुलाब आणि कुपोषणाच्या तक्रारी मिनीत जास्त आढळल्या. शिवाय मिनीत पित्तरस थैलीत उलटा येऊ शकतो. ज्याला आधीपासून छातीत जळजळ आणि घशाशी येण्याचा जुना त्रास आहे, त्याला मी रू-एन-वायकडेच वळायला सांगेन. त्या पद्धतीचाही एक धोका घरच्यांना माहीत हवा: आतड्यांची मांडणी बदलल्यामुळे आत फटी राहतात आणि काही वर्षांनंतरही त्यांत आतडं अडकू शकतं. अशा रुग्णाला अचानक पोटात मुरडून असह्य कळा आल्या, तर ‘गॅस झाला असेल’ म्हणून थांबू नये, लगेच सीटी स्कॅन करून घ्यावं.

‘जितकं जास्त आतडं वगळाल, तितकं बरं,’ हा विचार जगाने एकदा करून पाहिला आहे. १९५० ते ७० च्या दशकांत जवळजवळ सगळं लहान आतडं वगळणारी ऑपरेशनं झाली. वजन झपाट्याने उतरलं, पण पुष्कळांना मुतखडे झाले, काहींचं यकृत निकामी झालं आणि ती पद्धत बंद पडली. आतड्याचा मोठा भाग वगळणारी आजची ड्युओडेनल स्विच ही पद्धत तुलनेने सुरक्षित आहे, वजनही सर्वांत जास्त उतरवते, पण जीवनसत्त्वांची आणि प्रथिनांची कमतरताही तिच्यातच सर्वाधिक.

आणि सर्वांत महागात पडणारा समज: ऑपरेशन झालं की सुटलो. बी-१२, लोह, कॅल्शियम आणि ड जीवनसत्त्व आयुष्यभर घ्यावं लागतं, रक्ततपासण्याही आयुष्यभर. सुरुवातीला चार चमचे वरणाला वीस मिनिटं लागतात आणि जेवताना पाणी प्यायचं नसतं. एवढ्याशा जेवणात दिवसाची किमान ६० ग्रॅम प्रथिनं बसवायची असतात. शाकाहारी माणसाची ही गरज नुसत्या डाळीवर भागत नाही. पनीर, दही, सोया आणि बहुतेकदा प्रोटीन पावडरही लागते.

सलग काही दिवस उलट्या होत असतील, तर थायमिन म्हणजे बी-१ संपत येतं. मग पावलं बधिर होतात, चाल डगमगते, बोलणं असंबद्ध होतं. अशा वेळी गावातल्या दवाखान्यात ग्लुकोजचं सलाईन लावण्याआधी थायमिनचं इंजेक्शन द्यायला हवं. नाहीतर मेंदूला होणारी इजा कायमची ठरू शकते. म्हणून डिस्चार्ज कार्डावर ऑपरेशनची पद्धत आणि वगळलेल्या आतड्याची लांबी स्पष्ट लिहून मागा. त्या कार्डाचा फोटो घरातल्या दोघांच्या तरी मोबाइलमध्ये ठेवा आणि कुठल्याही डॉक्टरकडे गेलात की आधी तो दाखवा.