उदयोन्मुख राष्ट्रे आणि जागतिक शांतता : तारापूरच्या निमित्ताने

ज्या राष्ट्रांचे आर्थिक व लष्करी बळ वाढत आहे, परंतु जगाच्या निर्णयप्रक्रियेत ज्यांना त्या प्रमाणात स्थान मिळालेले नाही, त्यांना उदयोन्मुख राष्ट्रे असे म्हणतात. भारत, ब्राझील व दक्षिण आफ्रिका ही त्यांची ठळक उदाहरणे होत. अशा राष्ट्रांनी शांततेसाठी काय करावे, हा प्रश्न केवळ दिल्लीचा वा न्यूयॉर्कचा नाही. डहाणू तालुक्यातील कैनाडसारख्या आदिवासी गावाच्या दक्षिणेस, समुद्रकिनाऱ्यावर, तारापूरचे अणुवीजकेंद्र उभे आहे. या प्रश्नाच्या दोन्ही बाजू तेथे पाहावयास मिळतात.

1963 मध्ये भारत व अमेरिका यांच्यात करार झाला आणि 1969 मध्ये तारापूर येथे देशातील पहिले अणुवीजकेंद्र सुरू झाले. इंधन अमेरिकेने पुरवावयाचे होते. 1974 मध्ये भारताने पोखरण येथे अणुचाचणी केली. त्या चाचणीतील प्लुटोनियम ट्रॉम्बेच्या सायरस अणुभट्टीतील होते, तारापूरचे नव्हे. तरीही 1978 मध्ये अमेरिकेने नवा कायदा केला आणि तारापूरच्या इंधनात अडथळे आले. पुढे 1982 मध्ये फ्रान्सने, त्यानंतर चीनने व रशियाने हे इंधन दिले. दिलेला शब्द बलवानाला आपल्याच कायद्याने बदलता येतो, हा धडा येथे मिळाला.

ही विषमता जागतिक रचनेतच आहे. संयुक्त राष्ट्रांच्या सुरक्षा परिषदेत 15 सदस्य असतात. त्यांपैकी केवळ 5 कायम असून नकाराधिकार त्यांच्याकडेच आहे. अण्वस्त्रप्रसारबंदी करारानेही 1 जानेवारी 1967 पूर्वी स्फोट केलेल्या राष्ट्रांनाच अण्वस्त्रधारी मानले. जन्माने श्रेष्ठत्व ठरविणाऱ्या व्यवस्थेशी ज्यांनी झुंज दिली, त्यांना या रचनेतील अन्याय वेगळा समजावून सांगावा लागणार नाही. म्हणून भारताने या करारावर सही नाकारली, ही तक्रार न्याय्यच होती.

परंतु तक्रार न्याय्य असली म्हणजे तिच्यावरील प्रत्येक उपाय न्याय्य ठरतो असे नाही. 1974 च्या स्फोटाशी ‘बुद्ध हसला’ हे शब्द जोडले गेले. 11 मे 1998 रोजी पुन्हा स्फोट झाले, तो दिवस बुद्ध पौर्णिमेचा होता. तथागतांचे नाव व त्यांची पौर्णिमा विध्वंसाच्या साधनास चिकटावी, याचे दुःख आम्हांस आजही आहे. दुसरे मार्ग नव्हते असेही नाही. ब्राझील व अर्जेंटिना यांनी 1991 मध्ये परस्परांच्या अणुकेंद्रांची तपासणी करण्याची संयुक्त व्यवस्था निर्माण केली. दक्षिण आफ्रिकेने तयार केलेली सहा अण्वस्त्रे स्वतःहून मोडली व 1993 मध्ये ते जगासमोर जाहीर केले. त्या देशांची परिस्थिती आपल्याहून भिन्न होती हे मान्य. परंतु उदयास येणे म्हणजे शस्त्रसज्ज होणेच, हा समज त्यांनी खोटा ठरविला.

पालि साहित्यात या विषयाचा विचार आढळतो. त्या काळची उदयोन्मुख सत्ता म्हणजे मगध. महापरिनिब्बान सुत्तात अजातसत्तूचा अमात्य वस्सकार वज्जींवर स्वारी करण्याचा मनसुबा घेऊन गिज्झकूटावर येतो. भगवान त्याला थेट उत्तर देत नाहीत. वज्जी वारंवार एकत्र जमतात काय, एकोप्याने कार्य करतात काय, स्त्रियांवर बळजोरी करीत नाहीत ना, असे सात प्रश्न ते आनंदास विचारतात. राज्याची सुरक्षितता तटबंदीत नसून परस्परांशी असलेल्या वर्तनात आहे, हा त्याचा आशय होय. चक्कवत्ति-सीहनाद सुत्त याहून पुढे जाते. तेथे राजा निर्धनांना धन देत नाही. त्यातून दारिद्र्य, दारिद्र्यातून चोरी, चोरीतून शस्त्रे आणि शस्त्रांतून हत्या अशी साखळी निर्माण होते. शस्त्र हे येथे मूळ नसून परिणाम आहे, ही गोष्ट वाचकांनी विशेष ध्यानात घ्यावी.

डॉ. बाबासाहेब आंबेडकर भाबडे शांततावादी नव्हते. अहिंसा हे तत्त्व आहे, नियम नव्हे, अशीच त्यांनी धम्माची मांडणी केली. 1954 मध्ये राज्यसभेत त्यांनी चीनबरोबरच्या पंचशीलावर टीका केली, कारण स्वतःच्या देशातील बौद्धांना न्याय न देणाऱ्याच्या तोंडी ते शब्द पोकळ होते. परंतु त्याआधी, ऑक्टोबर 1951 मध्ये मंत्रिपदाचा राजीनामा देताना, सुमारे 350 कोटी रुपयांच्या महसुलातील 180 कोटी सैन्यावर खर्च होतात, याकडेही त्यांनी बोट दाखविले होते. सुरक्षितता हवी, मात्र तिची किंमत कोण देतो हे विचारलेच पाहिजे, ही त्यांची भूमिका होती.

तारापूरच्या तिसऱ्या व चौथ्या अणुभट्टीसाठी अक्करपट्टी व पोफरण ही गावे उठविण्यात आली; त्यांच्या पुनर्वसनाचा प्रश्न मुंबई उच्च न्यायालयापर्यंत गेला. याच पट्ट्यात 1945 मध्ये वारली आदिवासींनी वेठबिगारीविरुद्ध उठाव केला होता. सुरक्षा परिषदेत भारताला कायम आसन मिळावे, ही मागणी आम्हांसही रास्त वाटते. मात्र जगातील विषमतेविरुद्ध बोलण्याचा नैतिक अधिकार घरातील विषमता दूर केल्याशिवाय लाभत नाही. ज्या दिवशी विस्थापित मच्छीमाराला व वारली शेतमजुराला न्याय मिळेल, त्या दिवशी भारताचा शब्द जगात अधिक वजनाने ऐकला जाईल. आणि त्या दिवशी बुद्ध हसला असे म्हणावयास आमची हरकत असणार नाही.