देवळालीचा ताप

परक्या भाषेतील शब्द कानी पडला, की माणूस तो आपल्या जिभेच्या वळणाने उच्चारू लागतो. इंग्रजीतील ‘गॅसलाइट’चे मराठीत ‘घासलेट’ झाले आणि ‘टंबलर’चे ‘टमरेल’. इंग्रजांनीही आपल्या शब्दांची हीच गत केली. पुण्याला ते ‘पूना’ म्हणत आणि पुण्यालगतच्या खडकीला ‘किर्की’.

अशा एका शब्दाची हकीकत मात्र मनाला चटका लावणारी आहे. वेडसर वागणाऱ्या माणसास इंग्रजी बोलीत ‘डूलाली’ म्हणतात. या शब्दाचे जुने, पूर्ण रूप ‘डूलाली टॅप’ असे होते. इंग्रजीत ‘टॅप’ म्हणजे हलकी थाप. त्यामुळे, डोक्यावर थाप बसून ज्याची बुद्धी फिरली तो, असाच अर्थ ऐकणाऱ्यास वाटावा. परंतु हे दोन्ही शब्द मूळचे आपल्याकडचे आहेत. ‘डूलाली’ म्हणजे नाशिकजवळची देवळाली आणि ‘टॅप’ म्हणजे आपला ‘ताप’! आपल्या ‘त’चा उच्चार इंग्रजीत नाही, म्हणून ‘त’चा ‘ट’ झाला आणि तापाची थाप झाली.

देवळालीस १८६१ मध्ये इंग्रजांची लष्करी छावणी वसली. नोकरीची मुदत संपलेले गोरे सैनिक स्वदेशी परतण्यापूर्वी तेथे येऊन थांबत. त्यांना नेणारी जहाजे मुंबईहून सुटत. पण ती बारमाही नसत. पावसाळा सरल्यावर ती सुरू होत आणि मार्चच्या सुमारास थांबत. ज्यांची त्या हंगामातील जहाजे हुकत, त्यांना कित्येक महिने वाट पाहावी लागे. हाताला पुरेसे काम नाही, वर रणरणते ऊन, हिवतापाची धास्ती आणि मनात घराची ओढ! कोणी दारूच्या आहारी जाई, कोणी दंगा करून कैदेत पडे, तर कोणी विचित्र वागू लागे. मग सोबती हसून म्हणत, याला देवळालीचा ताप चढला. फ्रँक रिचर्ड्स नावाच्या ब्रिटिश सैनिकाच्या आठवणी १९३६ साली प्रसिद्ध झाल्या. या म्हणण्याचे मूळ त्या छावणीतील कंटाळवाण्या जिण्यात असावे, असे त्यानेही लिहिले आहे.

सैनिक मायदेशी गेले, त्यांच्याबरोबर हा शब्दही गेला. पुढे ‘टॅप’ गळून पडला आणि केवळ ‘डूलाली’ उरले. इंग्रजांचे राज्य १९४७ मध्ये संपले. आज देवळालीत भारतीय सैन्याचे तोफखाना विद्यालय आहे. तिकडे इंग्लंडमध्ये मात्र हा शब्द अजूनही थट्टेत वापरला जातो. हे एका गावाचे नाव आहे, याची जाणीव तो वापरणाऱ्या सर्वांना असतेच असे नाही.

‘टॅप’ ऐकून हसू येते. त्यातील ‘ताप’ ओळखला, की घरासाठी झुरणारी माणसे डोळ्यांपुढे उभी राहतात. एखाद्याला हिणवणारा शब्द ओठांवर येण्यापूर्वी त्यामागे कोणाचे दुःख दडले आहे, याचा विचार सुजाण माणसाने अवश्य करावा.