दहा बोटांचे ठसे

यंत्रावर बोट टेकवून ‘तो मीच’ असे सिद्ध करणे आता शिधावाटप दुकानापासून बँकेपर्यंत नित्याचे झाले आहे. ही कल्पना सर्वस्वी परदेशी, असे कित्येकांस वाटते. वस्तुतः १८५८ साली बंगालमधील जंगीपूर येथे विल्यम हर्शेल या इंग्रज अधिकाऱ्याने राज्यधर कोनाई नामक कंत्राटदाराच्या पंजाचा ठसा करारनाम्यावर घेतला, आणि १८९७ मध्ये कलकत्त्यास ठशांचे कार्यालयही निघाले.

परंतु ठसा घेणे निराळे व लोकांनी तो मनापासून देणे निराळे. १९०६ साली दक्षिण आफ्रिकेतील ट्रान्सवाल सरकारने तेथील हिंदी लोकांनी सक्तीने नोंदणी करून दहाही बोटांचे ठसे द्यावेत, असा वटहुकूम योजिला. पोलिसाने मागताच नोंदपत्र दाखविणे भाग, नाहीतर दंड, कारावास अथवा हद्दपारी! असे ठसे गुन्हेगारांचे घेतात, ही भावना प्रबळ होती. ११ सप्टेंबर रोजी जोहान्सबर्गच्या एम्पायर नाट्यगृहात जमलेल्या हिंदी लोकांनी हा कायदा न मानण्याची शपथ घेतली.

जानेवारी १९०८ मध्ये तडजोड झाली. लोकांनी स्वेच्छेने नोंदणी करावी आणि सक्तीचा कायदा रद्द व्हावा, असा तिचा अर्थ गांधीजींनी घेतला. ज्या ठशांना विरोध केला तेच आता देण्यास ते सिद्ध झाले, कारण त्यांचे भांडण शाईशी नव्हते, सक्तीशी होते. हा भेद सर्वांस पटला नाही. १० फेब्रुवारीस नोंदणी कचेरीकडे जाताना मीर आलम नामक पठाणाने व त्याच्या सोबत्यांनी त्यांना बेशुद्ध पडेतो मारले. बाप्टिस्ट पाळक जोसेफ डोक यांनी त्यांस आपल्या घरी नेले. तेथे बिछान्यावरूनच गांधीजींनी निबंधक चॅमनी यांना कागद आणविण्यास लावून ठसे दिले. त्या वेळी चॅमनींच्या डोळ्यांत पाणी आल्याचे गांधीजींनी लिहून ठेविले आहे. पुढे कायदा रद्द झाला नाही. तेव्हा १६ ऑगस्ट रोजी हमीदिया मशिदीच्या पटांगणात दोन हजारांहून अधिक नोंदपत्रांची होळी झाली.

आपल्याकडे ‘आधार’चा आरंभ २९ सप्टेंबर २०१० रोजी नंदुरबार जिल्ह्यातील टेंभली या आदिवासी गावी झाला. ट्रान्सवालशी त्याची तुलना करणे अन्यायाचे होईल. येथे हेतू हद्दपारीचा नसून गरिबाचा वाटा गरिबासच पोहोचावा हा आहे. तरीही विटा वाहणाऱ्या, भांडी घासणाऱ्या हातांच्या रेषा झिजतात, वार्धक्याने त्या पुसट होतात, आणि ज्यांच्यासाठी योजना त्यांनाच यंत्र ओळखीत नाही. केवळ ठसा जुळला नाही म्हणून कोणी लाभास मुकू नये, ही काळजी सर्वोच्च न्यायालयाने २०१८ च्या निकालात व्यक्त केली आहे. पण दुकानाच्या रांगेत तिष्ठणाऱ्या म्हातारीला हा निकाल कोणी वाचून दाखवावा?

डोळ्यांच्या बुबुळांचा पर्याय आहे. निवृत्तिवेतनधारकांना हयातीच्या दाखल्यासाठी २०२१ पासून चेहऱ्यावरून ओळख पटविण्याचीही सोय झाली आहे. आपल्या गावच्या केंद्रात यांपैकी काय उपलब्ध आहे, हे वाचकांनी घरातील व शेजारच्या वृद्धांसाठी अवश्य विचारून यावे.